चिल्लरीत घबाड असतं का? : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

नाण्यांवरचा लेख छापून आल्यापासून पत्रांचा ढीग साचला आहे. निम्म्याहून अधिक पत्रांत एकच प्रश्न : ‘माझ्याकडे अमुक नाणं आहे, किती लाख येतील?’ सारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची नावं वगळून फक्त ठिकाण दिलं आहे.

१९८५ चा एक रुपया, तारखेखाली इंग्रजी ‘एच’ अक्षर. हे नाणं पंचवीस लाखांना विकलं जातं असा व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. माझ्याकडे अशी तीन आहेत. खरं आहे का? (कांदिवली)

नाही. तीनही जपून ठेवा, पण त्यांच्या भरवशावर घराचं बुकिंग करू नका.

‘एच’ ही टाकसाळीची खूण आहे. ऐंशीच्या दशकात देशात सुट्ट्या पैशांची टंचाई होती. आपल्या टाकसाळींना मागणी पुरी करता येईना, म्हणून सरकारने काही नाणी परदेशात पाडून घेतली. १९८५ चा ‘एच’वाला रुपया इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा. तिथल्या हीटन घराण्याच्या जुन्या टाकसाळीचं आद्याक्षर म्हणजे हे ‘एच’. टंचाई मिटवायला पाडलेलं नाणं मूठभर संख्येने पाडत नाहीत, एवढं लक्षात घेतलं तरी व्हिडिओतला फोलपणा कळतो. वापरून झिजलेल्या नाण्याला संग्राहक दर्शनी किमतीच्या काही पट देतात, अगदी न वापरलेल्या चकचकीत नाण्याला त्याहून बरे. लाखांचा संबंध नाही.

खुणा ओळखायला मात्र शिकाच, कारण बाकी सगळं त्यावर चालतं. वर्षाच्या आकड्याखाली पाहा. छोटा चौकट, म्हणजे पत्त्यातल्या चौकटसारखा आकार, असेल तर नाणं मुंबईचं. पाचकोनी चांदणी असेल तर हैदराबादचं. जुन्या हैदराबादी नाण्यांवर मधून दुभंगलेला चौकट किंवा पोटात ठिपका असलेला चौकटही दिसतो. भरीव गोल ठिपका नोएडाचा. ही टाकसाळ १९८८ पासूनची, त्यामुळे त्याआधीच्या वर्षाखाली गोल ठिपका दिसला तर तो नोएडाचा नव्हे. काहीच खूण नसेल तर नाणं कोलकात्याचं. ‘माझ्या नाण्यावर खूणच नाही, म्हणजे चुकून पडलेलं दुर्मीळ नाणं’ असं लिहिणाऱ्या वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. कोलकाता खूण घालत नाही, बस्स. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात पुन्हा बाहेरून नाणी आली. स्लोव्हाकिया, मेक्सिको, दक्षिण आफ्रिका, कोरिया, रशिया अशा देशांच्या खुणांची नाणी अजून गल्ल्यात सापडतात आणि ती जमवण्यात गंमत आहे. पैसा मात्र बेताचाच.

एक सावधगिरी. झिजलेला चौकट साध्या डोळ्यांना गोल ठिपक्यासारखा दिसतो. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि नाणं तिरपं धरून पाहा. ठिपक्याला कोपरे दिसले तर ते मुंबईचं.

माझं किराणा दुकान आहे. रोज हजार-दीड हजाराची चिल्लर हातातून जाते. त्यातून कामाचं नाणं वेगळं काढायचं तर नेमकं काय बघायचं? वेळ फार नसतो. (लालबाग)

तुमच्याइतकी चांगली जागा संग्राहकांनाही मिळत नाही. वेळ वाचवायचा तर पहिलं हत्यार लोहचुंबक. दोरीला बांधलेला साधा चुंबक गल्ल्यावर फिरवला की नाणी धातूनुसार आपोआप वेगळी होतात.

एक रुपया : १९९१ पर्यंतचा तांबं-निकेलचा, चुंबकाला चिकटत नाही, १९९२ पासूनचा पोलादी, चिकटतो. दोन रुपये : २००४ पर्यंतचं अकरा कोनांचं नाणं चिकटत नाही, त्यानंतरचं पोलादी चिकटतं. पाच रुपये : जाडजूड, नऊ ग्रॅमचं जुनं नाणं चिकटत नाही, २००७ आणि २००८ चं पातळ पोलादी चिकटतं, २००९ पासूनचं पिवळसर नाणं पुन्हा चिकटत नाही. चुंबकाचं वागणं आणि वर्ष एकमेकांशी जुळत नसेल, तर ते नाणं बाजूला काढा. वर्ष पोलादाचं आणि नाणं चिकटतच नाही, अशा वेळी ते बहुतेकदा खोटं असतं. क्वचित मात्र चुकीच्या धातूच्या चकतीवर पडलेलं अस्सल नाणं निघतं, आणि त्याला खरोखर किंमत असते.

ते जड पाच रुपये आता गल्ल्यात कमी दिसतात, त्यामागे धंदा आहे. त्यातला धातू पाच रुपयांहून महाग झाला तेव्हा ती पोत्यांनी वितळवली गेली. बांगलादेशात चोरून नेऊन त्यांची दाढीची पाती बनवल्याच्या बातम्याही आल्या होत्या. नाणी वितळवणं किंवा नष्ट करणं हा २०११ च्या नाणे कायद्याखाली गुन्हा आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. भंगारवाला ‘पाचची जुनी द्या, सहा देतो’ म्हणाला तर नको म्हणा.

दुसरी पायरी, मागच्या बाजूचं चित्र. नेहमीपेक्षा वेगळा चेहरा किंवा मजकूर दिसला की ते स्मारक नाणं. मराठी घरात जपावीशी बरीच आहेत : १९९० चा डॉ. आंबेडकर जन्मशताब्दीचा रुपया, १९९९ चा संत ज्ञानेश्वरांचा रुपया, त्याच वर्षीचं छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं, २००२ चं संत तुकारामांचं दोन रुपयांचं, २००७ चं लोकमान्य टिळकांचं पाच रुपयांचं. ही व्यवहारासाठी मोठ्या संख्येने पाडलेली आहेत. चारही टाकसाळींचा संच करायला घेतलात तर एखादी जागा बराच काळ रिकामी राहते, आणि तीच मिळवायला संग्राहक थोडे जास्त मोजतो. म्हणून किंमत ठरते ती वर्ष, टाकसाळ आणि नाण्याची स्थिती या तिन्हींवर मिळून. नुसतं ‘१९९९ चं आहे’ यावर काहीच ठरत नाही.

तिसरी पायरी म्हणजे छपाईतल्या चुका. त्यांच्यावर खाली वेगळं उत्तर आहे.

वेळ नसेल तर दुपारच्या मोकळ्या वेळात फक्त चकचकीत नाणी आणि विचित्र दिसणारी नाणी काढून ठेवत जा. झिजलेलं साधं नाणं कितीही जुनं असलं तरी ते परत गल्ल्यात. बँकेतून सुट्टे घेत असाल तर शंभर नाण्यांच्या सीलबंद पिशव्या मागा. नवी, न हाताळलेली नाणी त्यातच मिळतात, आणि एका पिशवीत एक चुकीचं नाणं निघालं तर शेजारची पिशवीही तपासण्यासारखी असते, कारण बिघडलेला ठसा लक्षात येईपर्यंत बरीच नाणी पाडून झालेली असतात.

माझ्याकडच्या दोन रुपयांच्या नाण्यावर एका बाजूला सिंह नीट आहेत, दुसऱ्या बाजूला तेच सिंह खोलगट आणि उलटे. एक जण म्हणतो ‘लखी’ आहे, दुसरा म्हणतो कुणीतरी ठोकून केलंय. (डोंबिवली)

दोघांचंही बरोबर असू शकतं. ‘लखी’ हा बाजारातला जुना शब्द. नाणं पाडताना खालच्या आणि वरच्या ठशामध्ये चकती येते, दाब बसतो, नाणं बाहेर फेकलं जातं. कधी पडलेलं नाणं बाहेर न जाता एका ठशाला चिकटून राहतं. पुढची चकती आली की चिकटलेलं नाणंच ठशाचं काम करतं, आणि नव्या चकतीच्या त्या बाजूला उठावाऐवजी त्याच चित्राची खोलगट, आरशातल्यासारखी उलटी प्रतिमा उमटते. दुसऱ्या बाजूला मात्र खरा ठसा असतो, म्हणून ती बाजू पूर्ण आणि ठसठशीत येते.

यावरूनच खरंखोटं ओळखता येतं. घरी किंवा कारखान्यात लखी बनवायची तर दोन नाणी एकमेकांवर ठेवून शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळतात किंवा प्रेसखाली दाबतात. त्यात एका बाजूला खोलगट छाप उमटतो खरा, पण दुसऱ्या बाजूचा उठाव चेपला जातो. सिंहांच्या आयाळीच्या रेषा, अक्षरांचे कोपरे, कडेची पट्टी सपाट झालेली दिसते. तुमच्या नाण्यावरचे सरळ सिंह भिंगाखाली नीट पाहा. ते तीक्ष्ण असतील, खोलगट बाजूची अक्षरं उलटी वाचली जात असतील, आणि वजन त्या वर्षाच्या दुसऱ्या साध्या नाण्याशी शंभरांश ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर जवळपास जुळत असेल, तर ते खरं असण्याची शक्यता चांगली. खोलगट बाजूला मूळ चित्राचे अवशेषही एकत्र मिसळलेले दिसले, तर ते दाबून केलेलं.

इतर चुकाही बघून ठेवा. चित्र एका बाजूला सरकलेलं आणि उरलेली चकती कोरी, हे चकती नीट न बसल्यामुळे होतं. नुसतं एक-दोन टक्के सरकलेलं कुणी विचारत नाही. वर्ष वाचता येतं आणि तरी तिसरा हिस्सा कोरा आहे, अशाला मागणी. कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा कमी असेल तर चकती कापताना पत्र्याच्या आधीच कापलेल्या भागावर सुरी पडलेली असते. अशा नाण्यात कापलेल्या जागेच्या बरोबर समोरची कडही थोडी पुसट असते. कानशीने घासलेल्या नाण्यात ती तशी नसते, आणि घासलेल्या जागी बारीक समांतर ओरखडे दिसतात. ठसा फिरणं हीही एक चूक. आपल्या नाण्यांवर दोन्ही बाजू एकाच दिशेने सरळ असतात : नाणं वर-खाली अंगठ्या-बोटात धरा, उभ्या अक्षावर फिरवा, मागची बाजूही सरळच दिसली पाहिजे. पंधरा-वीस अंशांचा फरक सामान्य आहे. नव्वद किंवा एकशेऐंशी अंश असेल तर ठेवा.

दहा रुपयांच्या द्विधातू नाण्याची मधली चकती काढून दुसऱ्या बाजूने बसवलेली नाणी सध्या बाजारात बरीच आहेत. मधला भाग आणि कडं यांच्या सांध्यावर ओरखडे असतील किंवा बोटाने दाबल्यावर मधला भाग हलत असेल, तर ती हाताची कारागिरी. ‘दोन्ही बाजूंना छापा’ असलेली नाणी तर बहुतेक सगळी जादूगारांच्या सामानातली : दोन नाणी पोखरून एकात एक बसवलेली, आणि कडेच्या आतल्या बाजूने गोल जोडरेषा दिसते.

वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं, दहा लाख? (विरार)

पाच रुपये.

थोडं स्पष्टीकरण : २०१२ साली श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त पाच आणि दहा रुपयांची नाणी व्यवहारात आली. भरपूर पाडलेली आहेत. देवाऱ्यात ठेवायला हरकत नाही.

आजीच्या पेटीत राणीछाप आणि राजाछाप मिळून चाळीस चांदीचे रुपये निघाले. सोनार वजनावर घेतो म्हणतो. द्यावेत का? काही खोटे असतील का? (गिरगाव)

आधी वेगळे करा, मग सोनाराकडे जा. वजनावर विकणं हा शेवटचा पर्याय ठेवा, पहिला नको.

ब्रिटिश काळातला रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम. १९३९ पर्यंतच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे एका पूर्ण वजनाच्या नाण्यात साधारण १०.६९ ग्रॅम. १९४० ते १९४५ च्या रुपयात निम्मीच चांदी, ५.८३ ग्रॅम. १९४६ आणि १९४७ चे रुपये निकेलचे, चांदीचा अंश नाही आणि चुंबकाला झटकन चिकटतात. सोनार सगळे एकाच भावाने धरत असेल तर १९४० च्या आधीच्यांत तुमचं नुकसान, नंतरच्यांत त्याचं, आणि सोनार सहसा स्वतःचं नुकसान करत नाही. त्या दिवशीचा चांदीचा भाव गुणिले वरचे ग्रॅम, ही तुमची किमान रक्कम. गाळण्याची घट म्हणून तो थोडं कापेल, तेवढं चालेल.

आता वर्षं. राणीच्या नाण्यावर ‘व्हिक्टोरिया क्वीन’ असेल तर १८७६ पर्यंतचं, ‘एम्प्रेस’ असेल तर १८७७ पासूनचं. १८६२ लिहिलेले रुपये पुढे बरीच वर्षं त्याच तारखेने पाडत राहिले, म्हणून ते सगळ्यात जास्त सापडतात. १९०३ पासून बोडक्या डोक्याचा सातवा एडवर्ड, १९११ पासून मुकुटवाला पाचवा जॉर्ज. १९११ चा रुपया वेगळा काढा. राजाच्या अंगरख्यावर हत्ती कोरला होता, पण सोंड आखूड पडल्यामुळे तो डुकरासारखा दिसू लागला. लोकांनी गवगवा केला, आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारून घेतला. ‘डुक्कर रुपया’ म्हणून त्याला चांदीपेक्षा बऱ्यापैकी जास्त मिळतात. १९३९ चा मुंबई टाकसाळीचा रुपया मात्र खरोखर दुर्मीळ, आणि म्हणूनच बाजारात दिसणाऱ्या १९३९ पैकी बहुतेक खोटे. १९३८ मधला आठ खरवडून नऊ केलेला असतो. शेवटचा आकडा भिंगाखाली बाकीच्या आकड्यांशी ताडून पाहा, भोवतालची जमीन, म्हणजे चित्र-अक्षरांमधला सपाट भाग, खरवडलेली दिसते का ते पाहा. तुमच्या चाळिसात १९३९ निघालाच तर तो एकटा घेऊन जाणकार लिलावदाराकडे जा, बाजारात फिरवू नका.

खोटं ओळखायची घरगुती कसोटी आहे आणि ती नाण्याला इजा न करता होते. शंभरांश ग्रॅम दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. आधी कोरडं नाणं तोला, आकडा लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याचा प्याला ठेवून काटा शून्य करा. नाण्याला शिवणाचा बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा काचेला लागू देऊ नका, हात स्थिर ठेवा. काट्यावर जो आकडा येईल तो नाण्याने सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा. ९१.७ टक्के चांदीत भागाकार १०.३ च्या आसपास येतो, म्हणजे पूर्ण वजनाचं नाणं १.१३ ग्रॅमच्या सुमाराला पाणी सारतं. निम्म्या चांदीचं ९.५ च्या आसपास, १.२२ ग्रॅम. तांबं-निकेलची नक्कल ९ च्या खाली जाते. आकडा विचित्र आला तर आधी नाण्यावर हवेचे बुडबुडे चिकटलेत का ते पाहा. बोटाने तेल लागलेलं असेल तर ते हमखास चिकटतात. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला की बुडबुडे सुटतात. झिजलेलं नाणं ११.३ ग्रॅम भरलं तरी बिघडत नाही, भागाकार तोच यायला हवा. भागाकार बरोबर आणि वजन बारा ग्रॅम असेल, तर चांदी खरी पण नाणं ओतीव असण्याची शंका घ्या : कडेवर जोडाची रेघ, अक्षरं गुळगुळीत, पृष्ठभागावर बारीक खड्डे.

ज्या रुपयांना माळेसाठी डाग देऊन कडी बसवली होती, ते संग्राहक घेत नाहीत. ते खुशाल सोनाराला द्या.

जुनी नाणी चिंचेने घासून लख्ख केली. दुकानदाराने हात लावायलाही नकार दिला. का? आणि बाकीची कशी ठेवायची? (परळ)

चिंचेतलं आम्ल काळपटपणाबरोबर धातूचा वरचा थरही खातं. राख, टूथपेस्ट, पितांबरी यांच्या बारीक कणांनी ओरखडे पडतात. टाकसाळीतून निघालेल्या नाण्यावर एक विशिष्ट झळाळी असते, नाणं फिरवलं की ती फिरते. एकदा गेली की परत येत नाही. काळवंडलेलं पण अस्पर्श नाणं घासलेल्या लख्ख नाण्यापेक्षा जास्त किमतीला जातं, हे घरच्यांना पटवणं कठीण आहे, पण बाजार असाच चालतो.

स्वच्छ करायचंच असेल तर एवढंच करा : काचेच्या वाटीत डिस्टिल्ड पाणी, त्यात नाणं रात्रभर. दुसऱ्या दिवशी पाणी बदला. तेलकट किंवा डिंकासारखं चिकट असेल तर काचेच्याच वाटीत शुद्ध अॅसिटोनमध्ये पाच मिनिटं. खिडकी उघडी ठेवा, गॅस बंद. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात सुगंध आणि तेल असतं. शेवटी डिस्टिल्ड पाण्यातून काढून सुती कापडावर दाबून टिपा. पुसायचं नाही. तांब्यावरचा कोरडा, घट्ट हिरवा थर राहू द्या. पावडरीसारखा फिकट हिरवा आणि पसरत जाणारा असेल तर तो गंज आहे, ते नाणं इतरांपासून वेगळं ठेवा.

मुंबईच्या हवेत ठेवण्याचं शास्त्र म्हणजे ओल टाळणं. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या खिशांचे स्वस्त अल्बम सगळ्यात वाईट : ते पीव्हीसीचे असतात, दोन-तीन पावसाळ्यांत नाण्यांवर हिरवा चिकट थर येतो. पुठ्ठ्याच्या चौकोनात पारदर्शक मायलर असलेले होल्डर घ्या. रबरबँड आणि वर्तमानपत्र दोन्हींत गंधक असतं, चांदी काळी पडते. रबराचा तर काळा पट्टाच उमटतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा बदला. रंग बदलणारं सिलिका घेतलं तर कधी बदलायचं ते कळतं. नाणं नेहमी कडेला धरा.

सासऱ्यांनी जुनी नाणी विकायला जाहिरात पाहून फोन केला. ‘रिझर्व्ह बँकेची मंजुरी आली, जीएसटी आणि फाइल चार्ज भरा, सात लाख खात्यात येतील’ असं सांगून दोनदा पैसे घेतले. आता तिसऱ्यांदा मागतायत. (ठाणे)

आता एक पैसाही देऊ नका, आणि आजच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे मधल्या खात्यात गोठवले जाण्याची शक्यता जास्त. यूपीआयचे व्यवहार क्रमांक, फोन नंबर, चॅटचे स्क्रीनशॉट, पाठवलेली ‘प्रमाणपत्रं’ काहीही पुसू नका. त्यानंतर सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि बँकेला लेखी कळवा.

रिझर्व्ह बँक जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत नाही. तिने कुणालाही यासाठी कमिशन किंवा शुल्क घ्यायचा अधिकार दिलेला नाही, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तिने हे जाहीर प्रसिद्धीपत्रक काढून सांगितलं होतं. तिचं बोधचिन्ह असलेला कागद आला, तर तो बनावट. पैसे मिळण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायचा नसतो आणि पिन टाकायचा नसतो. पिन मागितला की पैसे तुमच्या खात्यातून जाणार. खरा खरेदीदार नाणं बघितल्याशिवाय भाव सांगत नाही आणि विकणाऱ्याकडून आगाऊ काही घेत नाही.

सासऱ्यांना रागावू नका. ही माणसं दिवसभर हेच काम करतात.

गावी शेत नांगरताना ‘श्री राजा शिव’ लिहिलेली तांब्याची नाणी निघाली. मुंबईत आणून विकता येतील का? (भांडुप, मूळ गाव सातारा जिल्ह्यात)

ही शिवराई. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. महाराजांच्या नंतरही ही नाणी पेशवाईत आणि पुढे दीर्घकाळ पाडली गेली, त्यामुळे शिवराई मिळाली म्हणजे ती शिवकाळातलीच असं नाही. ओळींच्या मधे दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी शिवराई, पेशवेकालीन. अक्षरांचं वळण, ठिपक्यांची कड आणि वजन बघूनच काळ सांगता येतो. साधी दुदांडी बऱ्यापैकी सापडते. सोन्याचा होन अतिशय दुर्मीळ, आणि त्याच्या नकला गल्लोगल्ली.

पण तुमचा प्रश्न कायद्याचा आहे. जमिनीत सापडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन १८७८ च्या निखात निधी कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपयांची मर्यादा दीडशे वर्षांपूर्वीची आहे, आणि अजून तीच. तलाठी किंवा तहसीलदारांमार्फत लेखी कळवा, सापडलेली जागा आणि नाण्यांची संख्या लिहा, सगळ्यांचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, आणि धुऊ नका : चिकटलेल्या मातीवरून अभ्यासकांना बरंच कळतं. लपवून विकलीत आणि नंतर कळलं, तर नाणीही जातील आणि वर गुन्हा.

घरात परंपरेने आलेली नाणी वेगळी, त्यांना हा कायदा लागत नाही. मात्र शंभर वर्षांहून जुनं कोणतंही नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, आणि ते परदेशात पाठवता येत नाही. वरच्या गिरगावच्या वाचकांनीही लक्षात ठेवावं : राणीछाप रुपया अमेरिकेतल्या भाच्याला पाकिटातून पाठवायचा नाही.

पन्नास पैसे चालतात का? दहाचं नाणं रिक्षावाला घेत नाही. (मुलुंड)

चालतात. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बंद झाली. पन्नास पैसे कायद्याने चालू आहेत, दहा रुपयांपर्यंतच्या रकमेत द्यायला. एक रुपया आणि वरची नाणी एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंत. दहाच्या नाण्याच्या तोवरच्या सगळ्या चौदा नक्ष्या वैध असल्याचं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये सांगितलं आहे : रुपयाचं चिन्ह असलेलं, नसलेलं, दहा रेघांचं, पंधरा रेघांचं, सगळी खरी. रिक्षावाल्याशी वाद घालण्यापेक्षा बँकेत भरणं सोपं. बँकेला नाकारता येत नाही.

मुंबईत नाणी दाखवायची, विकायची कुठे? खरा भाव कसा कळेल? (बोरिवली)

आधी बघायला जा. फोर्टमध्ये सर फिरोजशाह मेहता रोडवर अमर बिल्डिंगमध्ये रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे, आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही नाण्यांचा मोठा संग्रह आहे. निघण्याआधी वेळ आणि सुट्टीचा वार तपासा. तासभर खरी नाणी पाहिली की चोरबाजारातली ओतीव नाणी लांबूनही वेगळी दिसू लागतात. चोरबाजारात आणि फोर्टच्या पदपथांवर जरूर फिरा, पण शिकेपर्यंत चांदी तिथे घेऊ नका.

विकताना किमान तिघांकडून भाव घ्या आणि नाणी नजरेआड होऊ देऊ नका. ऑनलाइन दिसणारे आकडे हे विकणाऱ्याने मागितलेले आकडे असतात, कुणीही काहीही मागू शकतो. लिलाव संस्था लिलावानंतर प्रत्यक्ष मिळालेल्या किमती प्रसिद्ध करतात. तुमच्यासारखंच वर्ष, तीच टाकसाळ, तशीच स्थिती असलेलं नाणं त्या यादीत शोधा. त्या आकड्यात खरेदीदाराने वर भरलेलं शुल्क धरलंय का ते बघा, आणि विकणाऱ्याकडून कापलं जाणारं कमिशन वजा करा. व्यापारी रोख देणार असेल तर त्याहून कमीच देईल, कारण त्याला नाणं पुन्हा विकायचं असतं. दोनशे रुपयांच्या नाण्यासाठी लिलावाची खटपट परवडत नाही. तेवढ्यासाठी नाण्यांच्या प्रदर्शनातले स्टॉल बरे, तिथे अदलाबदलही होते.

टाकसाळीचे प्रूफ संच दरवर्षी घेतो. गुंतवणूक म्हणून बरोबर आहे का? (विलेपार्ले)

आवड म्हणून घ्या. प्रूफ म्हणजे घासून चमकवलेल्या ठशांनी पाडलेलं, आरशासारखी जमीन असलेलं नाणं. मुंबईच्या प्रूफवर चौकटाऐवजी इंग्रजी ‘एम’ असतो, १९८० पर्यंतच्या प्रूफवर ‘बी’. संच दर्शनी किमतीहून बराच महाग मिळतो आणि पुढे काहींचा भाव वाढतो, काहींचा घेतलेल्या किमतीच्याही खाली जातो. खोका, प्रमाणपत्र आणि बाहेरचं पाकीट तिन्ही एकत्र ठेवा, कारण त्यांतलं एक हरवलं तरी घेणारा भाव पाडतो. नाणं डबीतून काढून बोट लावलंत तर ठसा कायमचा राहतो, आणि प्रूफच्या जमिनीवर तो झाकता येत नाही.